दिवा दिसू नये!

गेल्या वर्षी आमच्या टेंभुर्णीत एक अर्ज फिरला. 'हमरस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये चालणारा पूलचा अड्डा तरुण पिढीला नासवीत आहे, सबब तो त्वरित बंद व्हावा,' असा त्याचा मतलब. अर्जाची भाषा मोठी तेजस्वी होती. तीस वर्षे मुलांचे निबंध तपासलेल्या माणसालाही तीत खोट काढता येऊ नये! आणि त्याचे कारण अगदी सरळ आहे. ती भाषा माझीच होती. सह्यांमध्ये तिसरी सहीही माझीच. आज मी त्याच अर्जाविरुद्ध लिहायला बसलो आहे. तेव्हा गावातल्या सभ्य मंडळींनी मला फितूर म्हटले, तर माझी तक्रार नाही.

शेड माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याची. अर्जाची वार्ता कानी जाताच तो घरी आला. भांडला नाही, रडला नाही. उंबऱ्याशी उभा राहून एवढेच म्हणाला, "गुरुजी, सही केली ती केली, पण एकदा येऊन तरी बघा की." मास्तराला याहून मोठी चपराक असू शकत नाही. न पाहता उत्तर लिहू नये, असे जन्मभर मीच त्याला सांगत आलो होतो.

गेलो. खरे सांगायचे तर पुरावा गोळा करायला गेलो. आत पाऊल टाकले आणि पुरावा मिळाल्यासारखे वाटले. चारही भिंतींना निळ्याजांभळ्या दिव्यांच्या पट्ट्या चिकटवलेल्या. टेबलावर मधोमध एकच उघडा बल्ब, तोही थेट डोळ्यांत घुसणारा. खेळणाऱ्यांचे चेहरे भुतासारखे. कोपऱ्यातला चेंडू लाल की केशरी, यावरून दोन पोरांची हमरीतुमरी चाललेली. जो वाकेल त्याची सावली टेबलावर पडे आणि त्या सावलीत चेंडूला काठी लागली की बोट लागले, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. शब्दाने शब्द वाढत होता. मनात म्हटले, अड्डा तो अड्डाच! परंतु घरी परतताना एक विचार पाठ सोडीना. मी तिथे पाप पाहिले, की नुसता अंधार पाहिला?

आमच्या सभ्यतेची खोड अशी, की अंधारात जे असेल ते वाईटच असणार, असे ती गृहीत धरते. आणि तिथे दिवा लावा म्हटले, की तिला आपली पायरी सुटल्यासारखे वाटते. हाच खेळ साहेबाच्या क्लबात, मोठ्या छत्रीखाली झगझगीत उजेडात चालला तेव्हा त्याला कोणी अड्डा म्हटले नाही. पूलचे थोरले भावंड जे स्नूकर, ते तर आपल्याच देशात जन्मले: १८७५ साली जबलपूरला, फौजी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याच्या डोक्यातून ते निघाले. (ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत.) आणि १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेतेपद ज्याने मिळवले, तो विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेला. १९६४ साली न्यूझीलंडला जाऊन त्याने ते पुन्हा मिळवले. सरकारने त्याला पद्मश्री दिली. पुण्याच्या पोराने काठी हाती धरली तर पद्मश्री आणि टेंभुर्णीच्या पोराने धरली तर अर्ज! हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन मी पुन्हा शेडमध्ये गेलो. म्हटले, अर्जाचे राहू दे, आधी दिव्याचे पाहू.

माझ्या पिढीला हा प्रश्न नवा नाही. गणपतीच्या मांडवात कॅरमच्या स्पर्धा होत, तेव्हा बोर्डावर पत्र्याचा टोप टांगून आत एक बल्ब लावीत. तिथे एक बल्ब पुरे, कारण कॅरमची खेळायची जागा जेमतेम एकोणतीस इंची चौरस. अडीच फुटांवर दिवा टांगला, तर कोपऱ्यात मधल्याच्या निम्म्याहून अधिक उजेड पोचतो. पूलच्या आठफुटी टेबलाचे मात्र तसे नाही. त्याची खेळायची जागा ८८ इंच लांब, ४४ इंच रुंद. चाळीस इंचांवर एकच उघडा बल्ब टांगा आणि गणित करा. कोपऱ्यात मधल्याच्या चौथा हिस्साच उजेड उरतो. अंतर वाढले की उजेड वर्गाच्या हिशेबाने घटतो आणि तिरपा पडला की आणखी पसरून पातळ होतो. हे आठवी-नववीच्या मुलाला समजेल. ते आम्हा अर्जदारांना समजले नव्हते, कारण आम्ही टेप घेऊन गेलो नव्हतो; शाई घेऊन गेलो होतो.

उपाय जुनाच आहे. विजेच्या आधी तेलावर आणि गॅसवर ही टेबले उजळीत, तेव्हाही लांबीच्या दिशेने दिव्यांची ओळच लावीत. आम्ही तीस-तीस इंचांवर तीन बल्ब धरले. कोपऱ्याचा हिशेब निम्म्याच्या जवळ आला. मधला बल्ब नऊ वॅटचा आणि कडेचे दोन पंधरा-पंधराचे केले, तेव्हा तो निम्म्याच्या वर चढला. शिवाय एका दिव्याने पाडलेली सावली दुसरा दिवा पुसतो, हा लाभ वेगळाच.

छत्रीसाठी तेलाचे रिकामे पंधरा किलोचे डबे कापून सपाट केले, त्यांची उलटी पन्हळ वळवली आणि आतून पांढरा रंग दिला. चकचकीत पत्रा तसाच ठेवला तर उजेडाचे डाग पडतात; पांढरा रंग तो सारखा पसरतो. सांगाडा बांबूच्या कामट्यांचा. दिवाळीला आकाशकंदील बांधणारे हात गावात अजून आहेत, ते इथे कामी आले. कड इतकी खाली घेतली, की वाकलेल्या खेळाडूला बल्ब दिसू नये, चेंडू दिसावेत. छत्री वायरीवर न लोंबकळता छताच्या लोखंडी अँगलला साखळीने बांधली. आणि पत्र्याची वस्तू म्हणून जाणत्या वायरमनकडून तिला अर्थिंग जोडून घेतले. घरगुती कामात हौस चालते, विजेशी मात्र चालत नाही.

आमचा दिवा फार थोर आहे असे मी म्हणत नाही. या खेळाच्या जागतिक नियमांत टेबलावर प्रत्येक ठिकाणी निदान ५२० लक्स उजेड मागितला आहे. बाजूला सरकवता येणारी छत्री निदान चाळीस इंच उंच हवी आणि पक्की बसवलेली निदान पासष्ट इंच. उंचीत आम्ही उत्तीर्ण आहोत, कारण आमची छत्री साखळीवर बाजूला सरकते. उजेडात बहुधा काठावर नापास होऊ. पण लाल चेंडू लाल दिसतो आणि केशरी केशरी. भिंतींवरच्या जांभळ्या पट्ट्या त्या पोराने आपण होऊन काढल्या. त्यांची गरजच उरली नाही.

आता माझे जुने सहीवाले सोबती विचारतील, "गुरुजी, दिव्याने जुगार सुटला काय?" नाही. उजेडाने जुगार सुटतो असे मी म्हणत नाही. उजेडात जुगार दिसतो, एवढेच माझे म्हणणे. दाराबाहेरून जाणाऱ्या बापाला आपला पोरगा आत काय करतो ते दिसते आणि पोराला बाप दिसतो. ज्याला सुधारणा म्हणतात, तिची सुरुवात बहुधा इतक्याच साध्या गोष्टीने होत असते. अर्जाने शेड बंद झाली असती, तर तीच पोरे कालव्याच्या कडेला, पुलाखाली, खऱ्याखुऱ्या अंधारात बसली असती आणि आम्ही मात्र गाव शुद्ध केले म्हणून पेढे वाटले असते.

"पोरांनी अभ्यास करावा," असेही हे सोबती म्हणतात. जरूर करावा. परंतु अभ्यासाला आम्ही त्यांना जागा कुठली दिली आहे? ज्या वाचनालयात आम्ही रोज बसतो तिथे छताला दोन नळ्या, त्यांतली एक लुकलुकणारी, आणि वाचणाऱ्याच्या पुस्तकावर त्याच्याच डोक्याची सावली. चौकात मात्र पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक रात्रभर झळकतो. लग्नाच्या मांडवावर इतकी रोषणाई, की नवरदेवालाही डोळे किलकिले करावे लागतात! दिसावे म्हणून आम्ही दिवे लावीतच नाही. आम्ही दिसावे म्हणून लावतो. माझे खरे भांडण आहे ते या वृत्तीशी.

दिवा दिसू नये, दिव्याने दिसावे. समईवर आपण कधी टक लावून बसत नाही. तिच्या उजेडात देवाचा चेहरा पाहतो. पोथी वाचणारी आमची आजी कंदिलाला बाहेरच्या अंगाने पुठ्ठ्याचा आडोसा लावी. पानावर उजेड, डोळ्यांवर सावली. तिला लक्स ठाऊक नव्हते. तिने कोणाविरुद्ध अर्जही केला नव्हता.

तो अर्ज कचेरीच्या कुठल्याशा कपाटात अजून पडून असेल. माझी सही मी मागे घेतल्याचे पत्र मी रीतसर दिले आहे आणि सोबत छत्रीचा नकाशाही जोडला आहे. या दिवाळीत वाचनालयातल्या लांब टेबलावर तशीच दुसरी छत्री टांगावी, असा माझा प्रस्ताव आहे. डबे मी जमवले आहेत. कामट्या तासायला शेडमधली पोरे तयार आहेत. प्रस्तावावर सह्या हव्यात. जुन्या अर्जावर ज्यांनी केल्या होत्या, त्यांच्याच आधी.