लघवीत रक्त दिसले, तर दुर्बिणीला घाबरू नका

"डॉक्टर, उष्णता वाढली होती, त्यानं लाल झाली असेल," असे सांगत गेल्या दिवाळीत एक मेंढपाळ माझ्याकडे आले. वय साठीच्या आसपास, विडी तरुणपणापासूनची. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेहून परतल्यावर पहिल्यांदा लघवीतून रक्त गेले. दुखले काहीच नाही. धने-जिऱ्याचे पाणी प्यायले, दोन दिवसांत लघवी स्वच्छ झाली. श्रावणात पुन्हा रक्त दिसले. तेव्हा दुर्बिणीची तपासणी सांगितली, तर भीतीने ते फिरकलेच नाहीत. मधल्या काळात मूत्राशयातली गाठ वाढत राहिली.

माणच्या उन्हात उन्हाळी लागणे नवे नाही. पाणी कमी पडले की जळजळ होते, मुतखडाही होतो. पण न दुखता रक्त जाणे म्हणजे उन्हाळी नव्हे. मूत्राशयाच्या कर्करोगाची ती नेहमीची पहिली खूण आहे. रक्त आपोआप थांबते आणि तिथेच माणूस फसतो. विडी-सिगारेट हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण. रक्त दिसलेल्या बहुतेकांना कर्करोग नसतो; पण तो नाही हे ठरवायला आत पाहावे लागते. लहान किंवा चपटी गाठ सोनोग्राफीत निसटू शकते.

या तपासणीला सिस्टोस्कोपी म्हणतात. 1879 मध्ये मॅक्स निट्झे या जर्मन डॉक्टरांनी दिव्याची दुर्बीण दाखवली, तेव्हापासून ती सुधारत आली आहे. आधी लघवी तपासून जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आवर्जून सांगा. लघवीच्या मार्गात बधिर करणारी जेली सोडून पेन्सिलीपेक्षा बारीक, लवचिक दुर्बीण आत सरकवतात. काही ठिकाणी सरळ, कडक दुर्बीण वापरतात. तेव्हा बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन भूल देतात आणि उपाशीपोटी यावे लागते. मूत्राशय पाण्याने भरल्यावर जोराची लघवी लागल्यासारखे वाटते. नुसते पाहायचे असेल तर पाच-दहा मिनिटांत काम होते. नंतर एक-दोन दिवस जळजळ होते, लघवी गुलाबी दिसते. भरपूर पाणी प्या. थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी अडली, तर मात्र लगेच दवाखाना गाठा.

एवढे सांगायला पाच मिनिटे पुरतात. आम्ही सरकारी डॉक्टर गर्दीचे कारण देऊन ती पाच मिनिटे देत नाही. मग रुग्ण पारावर ऐकलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवतो. त्या मेंढपाळांच्या उशिरात आमचाही वाटा आहे, असे मला वाटते. बायाबापड्या तर लाजेने रक्त गेल्याचे घरातही बोलत नाहीत. मावशी, ताई, तपासणीच्या वेळी जवळ बाईमाणूस हवे, असे बिनधास्त सांगा. तो तुमचा हक्क आहे.

या तपासणीसाठी सातारा किंवा मिरजेला जावे लागते, दिवसाची मजुरी बुडते, हे मी जाणतो. तरीही न दुखता रक्त गेले, अगदी एकदाच गेले, तरी पुढच्या खेपेची वाट पाहू नका. गाठ लवकर सापडली तर बहुधा दुर्बिणीतूनच काढता येते; उशीर झाला तर मूत्राशयच काढण्याची वेळ येऊ शकते.