नाल्यातला दगड: हत्यार की नुसता गोटा?

उन्हाळ्यात नाले आटले की तळाची वाळू नि गोटे उघडे पडतात. सुट्टीतली मुले खिसे भरभरून दगड घरी आणतात. आई ओरडते, दगड अंगणात जातात. पण कधी कधी त्यांत एखादा असा निघतो की घरातली मोठी माणसेही तो हातात घेऊन बघत राहतात. एका टोकाला निमुळता, कडेला धार, मुठीत नेमका बसणारा. आदिमानवाचे हत्यार तर नसेल? दगड रायपूरजवळच्या उरल्याच्या नाल्यातला असो की प्रवरेच्या पात्रातला, प्रश्न तोच.

ही शंका अगदीच वेडगळ नाही. ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने मद्रासजवळच्या पल्लावरम येथे असाच एक दगड उचलला आणि भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाला तिथून सुरुवात झाली. आपल्याकडचे उदाहरण नेवाशाचे. नेवासे म्हटले की कुणालाही ज्ञानेश्वरीचा खांब आठवेल. परंतु १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा प्रवरेच्या काठच्या गोट्यांच्या थरांतून अश्मयुगीन हत्यारेही मिळाली. जुन्या थरात काळ्या दगडाच्या मोठाल्या हातकुऱ्हाडी नि फरश्या, नंतरच्या थरात गारेसारख्या गुळगुळीत दगडाच्या छोट्या तासण्या.

मग ओळखायचे कसे? घरचेच उदाहरण घ्या. पाटा वापरून झिजतो तेव्हा त्याच्यावर कुठलीच शिस्त नसते. टाकी लावणारी बाई येऊन गेली की मात्र खुणा ओळीने उमटतात. अश्मयुगीन हत्याराचेही तसेच. एका दगडाने दुसऱ्यावर नेमका घाव घातला की कपचा उडतो. कपच्यावर घावाच्या जागेखाली हलकासा फुगवटा येतो आणि त्यापासून शिंपल्यावर असतात तशा लाटा पसरतात. जाड काचेच्या बाटलीचा बूड फुटला की त्या तुकड्यावर अशाच लाटा दिसतात. भरड दगडावर त्या पुसट असतात, हे मात्र लक्षात ठेवा.

एकच कपचा उडालेला असेल तर हुरळून जाऊ नका. पुरात गोट्यावर गोटा आदळूनही कपचे उडतात. माणसाच्या हाताची खूण म्हणजे एकाच कडेवर, बहुतेकदा दोन्ही अंगांनी, एकापाठोपाठ एक काढलेले कपचे. त्यांतून धार साधायचा इरादा दिसला पाहिजे. शिवाय जुन्या हत्याराच्या खाचांवरही काळाचा थर चढलेला असतो. खाच आतून ताजी, वेगळ्या रंगाची दिसली तर ती बहुधा कालपरवाची.

उरल्यासारख्या ठिकाणी आणखी दोन फसवे पाहुणे भेटतात. पहिली गिट्टी, म्हणजे आपली खडी. क्रशरमधून निघालेल्या खडीला अशा काही कडा असतात की भलेभले चकतात. दुसरा लोखंडाच्या कारखान्यातला मळ. तो काचेसारखा चमकतो नि काचेसारखाच फुटतो, पण नीट पाहिले तर त्यात बुडबुड्यांची भोके दिसतात. रायपूरचा मूळ खडक पुष्कळ ठिकाणी चुनखडीचा, म्हणून तर आसपास सिमेंटचे कारखाने. चुनखडी चांगली धार धरत नाही. तेव्हा तिथे गारेचा किंवा तशाच कठीण जातीचा घडवलेला दगड मिळाला तर त्याकडे जरा आदराने पाहावे.

इथवर दगडाचे झाले. खरी गोम त्याच्या जागेत आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेच्या थरासोबत अशी हत्यारे मिळाली. राखेचे वय आधी सुमारे १४ लाख वर्षे ठरले. पुढच्या मोजणीत ते पावणेसात लाखांच्या आसपास आले. काही शास्त्रज्ञांच्या मते तर ती इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची, म्हणजे जेमतेम ७५ हजार वर्षांपूर्वीची राख. एवढे मोठे भांडण, पण ते होऊ शकले ते थर जागेवर होता म्हणूनच! तीच हत्यारे कुणी पिशवीत भरून दिवाणखान्यात मांडली असती तर भांडायलाही काही उरले नसते. आज आपल्या नद्यांमधून वाळूचे ट्रक भरभरून जात आहेत, त्यांच्याबरोबर असे किती थर गेले याची मोजदाद कोण करणार?

म्हणून दगड संशयास्पद वाटला तर तो आहे तिथेच राहू द्या. शेजारी एखादे नाणे ठेवून दोन्ही अंगांची छायाचित्रे घ्या. दगड पात्रात सुटा पडला होता की काठाच्या कड्यातून डोकावत होता, हे लिहून ठेवा. दुसरे असेल तर त्याचे मोल कितीतरी जास्त. कड्यात खणू नका, ब्रशने घासू नका. छायाचित्रे नि टिपण घेऊन जाणकारांकडे जा. रायपूरकरांना महंत घासीदास संग्रहालय गावातच आहे, १८७५ सालचे. महाराष्ट्रात राज्याचे पुरातत्त्व खाते किंवा पुण्याचे डेक्कन कॉलेज आहे. आणि परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून असा दगड पाठवायचा विचार असेल तर तो सोडा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेणे हा गुन्हा आहे.