सफारीच्या यादीत माणसं कुठे आहेत?

दुबई पाहून झाली, उमराह झाला, कुणी कुणी तुर्कस्तानही करून आलं. आता आमच्या ओळखीच्या घरांमध्ये पूर्व आफ्रिकेची बोलणी सुरू आहेत. आमच्याही घरी येत्या जूनचं ठरतंय, म्हणून टूरवाल्यांचे चार-पाच कार्यक्रम मागवून वाचले. सगळे एकाच साच्यातले. चार दिवस सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो, मग छोट्या विमानाने झांझिबार, तीन दिवस समुद्रकिनारा. स्टोन टाऊनला अर्धा दिवस, तोही विमानतळावर जाता जाता. माझं भांडण या अर्ध्या दिवसाशी आहे.

जंगलाला माझा विरोध नाही. सहाशे मीटर खोल गेलेल्या जुन्या ज्वालामुखीच्या तळात हत्ती, गेंडे, सिंह एका नजरेत दिसत असतील तर ते पाहायलाच हवं. फक्त सुट्टीचं गणित नीट मांडा. मार्च ते मे तिथे मोठा पाऊस असतो, त्याला ‘मसिका’ म्हणतात. आपली उन्हाळी सुट्टी नेमकी त्यातच जाते. जंगलातले रस्ते चिखलाचे होतात आणि किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं बंद असतात. दिवाळीच्या सुट्टीत धाकटा पाऊस येऊ शकतो. शिक्षकांसाठी आणि शाळकरी मुलांच्या आईबापांसाठी जूनचा पहिला पंधरवडाच काय तो बरा. लाखो विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान, म्हणजे आपल्या घटक चाचण्यांच्या दिवसांत. तो सोहळा टीव्हीवर पाहावा. केनियावरून येणार असाल तर पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. तो दाखला नसेल तर परतल्यावर आपल्याच सरकारच्या विलगीकरणात बसावं लागू शकतं.

पण ‘माणसाचा स्पर्श न झालेलं जंगल’ असं त्या कागदांवर छापलेलं असतं, ते मात्र खरं नाही. सेरेंगेटीत मसाई लोक गुरं चारत होते. इंग्रजांच्या राज्यात, १९५९ साली, त्यांना तिथून न्गोरोंगोरोकडे हलवलं. आणि २०२२पासून न्गोरोंगोरोतूनही त्यांची घरं दूरच्या म्सोमेरा गावी नेण्याचा कार्यक्रम सरकार राबवतंय. मसाईंचा मोठा विरोध असताना. त्यांचा नाच पाहायला अर्धा तास ठेवणाऱ्या टूरवाल्याला एवढं तरी विचारावं, की हे लोक आता राहतात कुठे?

मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे मला त्या मुलखाची ओढ आधी भाषेमुळे लागली. ‘सफारी’ म्हणजे आपला सफर. ‘स्वाहिली’ हे नावच साहिलवरून, किनाऱ्यावरून आलंय. किताबू, कलामू, दुनिया, वकाती, हबारी, रफिकी: अर्थ सांगायची गरज आहे का? मोटारीला ते ‘गारी’ म्हणतात आणि चपातीला चपाती. शिक्षकाला ‘म्वालिमू’, म्हणजे मुअल्लिम. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे शाळामास्तर होते. देश त्यांना शेवटपर्यंत म्वालिमूच म्हणत राहिला. शेक्सपिअरचं ‘ज्युलियस सीझर’ त्यांनी स्वाहिलीत आणलं. राष्ट्राध्यक्षाला मास्तर म्हणणारा देश कुठल्याही शिक्षकाला आवडेलच.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आपल्या लोकांना हे सांगितलं की छाती फुगते. किझिमकाझीला पर्यटक डॉल्फिन पाहायला जातात, तिथेच ११०७ सालचा कुफी शिलालेख असलेली मशीद आहे, हे सांगितलं की आणखी फुगते. इब्न बतूता १३३१ साली किल्व्यापर्यंत गेला होता, हेही. पण स्टोन टाऊनच्या म्कुनाझिनी भागातल्या चर्चमध्ये अर्धा दिवस काढायचा, असं मी घरात म्हणाले, तर माझा चुलत भाऊ म्हणाला, “बाजी, चर्च बघायला एवढ्या लांब कशाला? मशिदी बघू ना.”

ते चर्च गुलामांच्या बाजाराच्या जागेवर उभं आहे. बाहेर जमिनीतल्या खड्ड्यात, गळ्यात साखळ्या अडकवलेल्या माणसांची शिल्पं आहेत. आतल्या मुलखातून पकडून, चालवत आणलेली माणसं इथे विकली जात. ब्रिटिश आरमाराच्या धाकाने सुलतान बरगशने १८७३ साली हा बाजार बंद केला. गुलामगिरी कायद्याने संपायला मात्र १८९७ उजाडलं. सुलतान मुसलमान होते. तांडे घेऊन जाणारा टिपू टिप मुसलमान होता. कर्जाऊ पैसा पुरवणाऱ्यांत आपल्याच कच्छ-गुजरातचे व्यापारी होते, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. ज्या लवंगेच्या बागांमधून आज ‘स्पाइस टूर’ काढतात, त्या बागा गुलामांच्या श्रमावर वाढल्या.

यावर ठरलेलं उत्तर येतं. अटलांटिकचा व्यापार याहून मोठा होता, आणि इंग्रजांनी हे काही दयेपोटी केलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्याने म्कुनाझिनीच्या खड्ड्यातली एकही साखळी हलकी होत नाही. आपल्या प्रत्येक तकरीरीत हजरत बिलाल येतात, गुलाम मुक्त करण्याचं पुण्य येतं. मग ज्यांनी ते ऐकूनही बाजार भरवला, त्यांची जागा पाहायला आपण का कचरतो? किझिमकाझीची मशीद ‘आपली’ असेल तर हा बाजारही आपल्याच खात्यात येतो. मिनार घ्यायचे आणि हिशेब चर्चवर ढकलायचा, हे मला पटत नाही. माझ्या मुलांनी दोन्ही पाहावं, आणि दोन्ही ठिकाणी मी सोबत असावं.

आपण महाराष्ट्रातले लोक या गोष्टीपासून तसे लांब नाही. मलिक अंबर झांझिबारचा नव्हे, इथिओपियाचा, पण लहानपणी विकला गेलेला गुलामच. त्याने वसवलेली खडकी पुढे औरंगाबाद झाली. आणि नाशिकच्या शरणपूरची गोष्ट तर नाशिककरांनाही फारशी माहीत नसते. समुद्रावर पकडलेल्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं मिशनऱ्यांनी तिथल्या शाळेत वाढवली. त्यांच्यातला जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात होता आणि त्याचं शव घेऊन १८७४ साली इंग्लंडला गेला. पुढे यातली बरीच मंडळी मोंबासाजवळच्या फ्रेरेटाऊनमध्ये जाऊन राहिली. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेर यांचं. केनियाचा कार्यक्रम आखणाऱ्यांनी मोंबासात एक सकाळ तिथे द्यावी. नाशिकहून गेलेल्या माणसाला तिथे परकं वाटायचं कारण नाही.

तर आमच्या घरचा बेत आता असा आहे. जंगलातला एक दिवस कापला, त्यामुळे पैसेही वाचले, कारण तिथे प्रवेश शुल्क दर दिवसाचं असतं आणि डॉलरमध्ये असतं. किनारा दोन दिवस. स्टोन टाऊनमध्येच दोन रात्री मुक्काम, म्हणजे गल्ल्या सकाळी लवकर पाहता येतील, बसभर पर्यटक यायच्या आत. शहरात खांदे-गुडघे झाकलेले कपडे, हे मुलांना सांगून ठेवलंय. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, मसाईंचेही नाहीत. निघण्याआधी अब्दुलरझाक गुर्ना यांची ‘पॅराडाइज’ ही कादंबरी मोठ्या मुलीने वाचायची. ते झांझिबारचेच, २०२१चं नोबेल त्यांना मिळालं, आणि ‘आपल्या’ किनाऱ्याबद्दल ते काहीही गोड करून सांगत नाहीत.

चुलत भाऊ अजून कुरकुरतोय. त्याला मी सांगितलंय की संध्याकाळी फोरोधानीच्या बागेत खाण्याच्या गाड्या लागतात, आणि तिथल्या आंबट ‘उरोजो’त आपल्या भजीसारखी भजी घालतात. तेवढ्यावर तो चर्चला यायला तयार झालाय.