शेवटचें पान

मृगाच्या सरी पडूं लागल्या कीं शहापूर-मुरबाडच्या बाजारांत आदिवासी बायका रानांतून आणलेल्या शेवळांच्या जुड्या मांडून बसतात. सोबतीला आंबट काकडेंही असावयाचींच. भाजी रुचकर खरी, परंतु मोठ्या खटपटीची! वरचे पापुद्रे व आंतील खाजरा पिवळा भाग काढावयाचा, मग बारीक चिरून काकडांच्या रसांत शिजवावयाचें. यांत हयगय झाली कीं जेवणारांच्या घशास खाज सुटलीच म्हणून समजावें.

परवां शहापूरच्या आमच्या घरीं वहिनी अशीं शेवळें निवडीत बसल्या असतां मुलें जवळच ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हें भाषांतर मोठ्यानें वाचीत होतीं. जादूच्या शाळेंतील रिकामीं ताटें आपोआप पक्वान्नांनीं भरतात, हें ऐकून सर्वांच्या तोंडास पाणी सुटलें. वहिनी मात्र हातांतलें काम न थांबवितां म्हणाल्या, ‘‘अरे, पण रांधलें कोणीं?’’

प्रश्न मार्मिक होता. मूळ लेखिका रोलिंगबाई यांनीं त्याचें उत्तर मालेच्या चौथ्या, म्हणजे २००० सालच्या, पुस्तकांत दिलें आहे. शाळेच्या मुदपाकखान्यांत शंभरांवर बुटके गडी बिनपगारी राबत असतात! हें समजतांच हर्मायनी पुढ्यांतलें ताट दूर सारते.

आमच्याकडील अद्भुत कथांनाही ही चूल ठाऊक आहे. सूर्यानें दिलेली थाळी कितीही अतिथि आले तरी पुरावयाची, पण द्रौपदी जेवली कीं त्या दिवसापुरती रिती व्हावयाची. म्हणजे चमत्कार टिकावा यासाठीं द्रौपदीनें सर्वांच्या मागून जेवावयाचें! खुलभर दुधाच्या कहाणींत तर राजाज्ञेनें गांवचें सारें दूध ओतूनही देवाचा गाभारा भरत नाहीं; तो भरतो मुलांवासरांना तृप्त करून आलेल्या म्हातारीच्या खुलभर दुधानें.

त्या रात्रीं पहिल्या पंगतींत आम्हीं शेवळांची भाजी दोनदां मागून घेतली व तोंडभर वाखाणली. पाणी पिण्यास आंत गेलों, तों वहिनी लोणच्याशीं भात कालवीत होत्या. पातेलें पुसून घेतलेलें होतें. इतकीं वर्षें या घरांत जेवूनही शेवटच्या पानावर काय उरतें, हें आम्हीं कधीं पाहिलेंच नव्हतें.

दुसऱ्या खेपेस शेवळें आलीं तेव्हां निवडावयास आम्हीही बसलों, आणि वहिनींचें पान पहिल्या पंगतींत मांडलें. मुलांनीं वाढलें. भाजी थोडी खाजरी झाली होती, पण तक्रार कोणींच केली नाहीं.