संगणक आपला, आकडेही आपलेच हवेत

४ जानेवारी २००१ रोजी बंगळूरच्या आकाशात झेपावलेले 'तेजस' हे स्वदेशी विज्ञानाच्या चिकाटीचे फळ होय. त्याच्या सांगाड्याचा वजनाने सुमारे ४५ टक्के भाग कार्बन तंतू आणि राळ यांच्या संमिश्र पदार्थाचा आहे. हा पदार्थ हलका आणि बळकट खरा. पण त्याचे दुखणे आतले असते. हातातून निसटलेले अवजार आदळले, तरी त्याचे थर आतल्या आत सुटू शकतात. वरचा पृष्ठभाग मात्र अभंगच दिसतो.

असा तडा पुढे किती वाढेल, हे सांगण्यासाठी संगणकाचे साहाय्य घेतले जाते. भागाचे हजारो लहान घटक कल्पून थराथरांतील ताण मोजला जातो. तडा सरकताना मोकळी होणारी ऊर्जा पदार्थाच्या चिवटपणावर मात करू लागली, की तडा वाढतो. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये मांडलेले हे तत्त्व आजही या गणिताचा पाया आहे.

गणनाच्या क्षेत्रात भारताने स्वाभिमान दाखविला आहे. अमेरिकेने शक्तिशाली महासंगणक नाकारल्यावर पुण्याच्या 'सी-डॅक'ने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने संरचनांच्या विश्लेषणासाठी 'फीस्ट' ही प्रणाली घडविली.

परंतु चिवटपणाचा आकडा संगणक स्वतः निर्माण करू शकत नाही. तो प्रयोगशाळेत नमुने फाडूनच मिळतो. तंतू, राळ, भट्टीचे तापमान किंवा हवेतील दमटपणा बदलला, की तोही बदलतो. आज्ञावली परदेशातून विकत आणता येईल. आपल्या पदार्थाचा स्वभाव आपल्यालाच शोधावा लागेल.

ही उपेक्षा किती महाग पडते, हे १८ जून २०२३ रोजी उत्तर अटलांटिक महासागरात दिसले. 'टायटन' या पाणबुडीचे कार्बन तंतूंचे कवच फुटून पाच जण मृत्युमुखी पडले. थर आधीच्या एका फेरीतच सुटू लागले होते, असे अमेरिकी चौकशीत आढळले. मोजमापांनी इशारा दिला होता. त्याचा अर्थ नीट लावला गेला नाही.

महासंगणकाच्या उद्घाटनाचा सोहळा होतो. नमुने फाडणाऱ्या यंत्राकडे कोणी फिरकत नाही. संशोधनाचा निधी वाटताना ही उणीव भरून काढली पाहिजे. अभियांत्रिकी महाविद्यालयांना हे संथ, चिकाटीचे काम सोपवावे आणि त्यातून मिळालेले आकडे राष्ट्रीय ठेव म्हणून जतन करावेत. वैमानिकाचा जीव अखेर याच आकड्यांवर विसंबून असतो.