रणातरीवरील विषाद

४ डिसेंबरला नौदल दिन साजरा होतो आणि १९७१ च्या कराचीवरील हल्ल्याची गौरवगाथा पुन्हा सांगितली जाते. ते उचितच आहे. परंतु शांततेच्या काळातही महिनोन् महिने सागरावर पहारा देणाऱ्या नौसैनिकाच्या मनाचा विचार समाजात अभावानेच होतो.

एडनच्या आखातात २००८ पासून भारतीय युद्धनौकांची गस्त सुरू आहे. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने चाळीस तासांच्या कारवाईनंतर ‘रुएन’ जहाजावरील ३५ चाच्यांना शरण आणले आणि १७ खलाशांची सुटका केली. ते यश देशाने पाहिले. त्यामागची तुटक झोप, यंत्रांची अखंड घरघर आणि घराशी तुटलेला संवाद मात्र कोणाला दिसत नाही. पाणबुडीत तर सूर्यप्रकाशही दुर्लभ. घरी वडील अंथरुणाला खिळल्याचे कळले, तरी जहाज मागे फिरत नाही.

भूदलाच्या ‘शेप’ या वैद्यकीय वर्गीकरणात पहिले अंग मानसिक स्वास्थ्याचेच आहे. म्हणजे व्यवस्थेला मनाचे महत्त्व ज्ञात आहे. अडचण निराळीच आहे. श्रेणी खालावली तर बढती हुकेल, सहकारी भित्रा ठरवतील, या धास्तीने नौसैनिक मौन पत्करतो आणि दुखणे बळावते.

मनाच्या व्यथेला भित्रेपणा मानणाऱ्यांनी गीतेचा पहिला अध्याय आठवावा. त्याचे नावच अर्जुनविषादयोग आहे. गांडीव ज्याच्या हातून गळाले, तो भित्रा नव्हता. श्रीकृष्णाने त्याला प्रथम खडसावले हे खरे. पण भगवंत तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी अर्जुनाची एकेक शंका ऐकली, निरसन केले, आणि मगच धनुर्धर उभा राहिला.

शिस्त शिथिल करा, असा याचा अर्थ नव्हे. शस्त्र हाताळणाऱ्याची कसोटी कठोरच हवी. मात्र वेळीच बोलणाऱ्याच्या बढतीवर गदा येऊ नये आणि दीर्घ मोहिमेवरील जहाजावर प्रशिक्षित समुपदेशक असावा, एवढे तरी शासनाने करावे.

उरलेले कर्तव्य समाजाचे. नौसैनिकाच्या वृद्ध माता-पित्यांना रुग्णालयात नेणे, मुलांच्या शाळेची अडचण सोडवणे, सुट्टीवर आलेल्या जवानाला पराक्रमाच्या कथा विचारण्याआधी त्याचे ऐकून घेणे, हे प्रत्येक वस्तीतील कार्यकर्त्याला शक्य आहे. घराची चिंता मिटली, तर सागरावरचा पहारा अधिक सावध होईल. तीही राष्ट्ररक्षणाचीच सेवा आहे.