केळीचे पान आणि त्वचादान

भाजलेल्या रुग्णाला सर्वांत जास्त धास्ती असते ती पट्टी बदलण्याची. जखमेला चिकटलेले कापड सोडवताना जीव नकोसा होतो. मुंबईच्या सायन रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. माधुरी गोरे यांच्या संशोधनाने याच दुखण्याला हात घातला. निर्जंतुक केलेले केळीचे पान त्यांनी पट्टी म्हणून वापरले. पान गुळगुळीत, त्यामुळे चिकटत नाही. वेदना कमी आणि खर्च नगण्य. ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात २००३ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. (घरी भाजल्यास मात्र पान, टूथपेस्ट काही लावू नका. २० मिनिटे नळाखाली धरा आणि रुग्णालय गाठा.)

खोल आणि मोठ्या जखमेला मात्र त्वचाच लागते. त्यासाठी २००० साली त्यांच्याच पुढाकाराने सायनला त्वचापेढी सुरू झाली. दात्याची त्वचा रुग्णाच्या अंगावर कायम राहत नाही. पण सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ती जंतुसंसर्ग रोखते, अंगातले पाणी झिरपू देत नाही. तेवढ्या अवधीत जीव वाचू शकतो.

नेत्रदान आपण स्वीकारले, त्वचादानाला मात्र कचरतो. देह विद्रूप होईल ही भीती निराधार आहे. मांड्या, पाय, पाठ येथील फक्त पातळ थर काढतात व वर पट्टी बांधतात. रक्तगटही जुळवावा लागत नाही. मात्र मृत्यूनंतर सहा तासांतच त्वचा घ्यावी लागते. शोकात बुडालेल्या घराला तेव्हा विचार करायला उसंत नसते. म्हणून माझे म्हणणे एवढेच : आपली इच्छा घरच्यांना आजच सांगून ठेवा.